मोडलेला खुबा आणि स्क्रूची जोडणी



आज ज्या विषयावर मी बोलणार आहे, तो वरकरणी केवळ शस्त्रवैद्यांचा वाटेल. खुब्याचे हाड मोडले असता ते स्क्रूने जोडतात. त्या जोडणीतून पुढे काय निष्पन्न होते, हा तो विषय होय. परंतु ही शस्त्रक्रिया करावयाची की नाही, केव्हा करावयाची आणि तिच्यापासून कोणती अपेक्षा बाळगावयाची, हे ठरविताना रुग्ण आणि त्याचे कुटुंबीय शस्त्रवैद्याच्या शेजारी बसलेले असतात. निदान बसलेले असावयास हवेत. म्हणून तिचे यशापयश कशावर अवलंबून असते, हे सामान्य सुशिक्षित माणसाला ठाऊक असणे अगत्याचे आहे. माझ्या सांगण्याचे सार एवढेच की, स्क्रू हाडाचे तुकडे धरून ठेवतो. ते जुळविण्याचे काम हाडाला स्वतःच करावे लागते. ते त्याला कितपत साधेल हे रक्तपुरवठा, वेळ, जोडणीतील नेमकेपणा आणि हाडाचा कस या चार गोष्टींवरून ठरते.

प्रथम या सांध्याची रचना पाहू. मांडीचे हाड वर जाऊन आतील बाजूस वळते. या वळलेल्या, काहीशा बारीक भागास मान म्हणतात. मानेच्या टोकाशी चेंडूसारखे गोल डोके असते आणि ते कमरेच्या हाडातील उखळीत फिरते. मान आणि मांडीच्या हाडाचा दांडा यांच्यामध्ये सुमारे १३० अंशांचा कोन असतो. या कोनामुळेच माणसाला ताठ चालता येते, पालथी मांडी घालता येते, उकिडवे बसता येते. आणि याच कोनामुळे शरीराचा भार मानेवर तिरका पडतो. डोक्याला मिळणारे रक्त बहुतांशी मानेच्या पृष्ठभागावरून चढत जाणाऱ्या बारीक वाहिन्यांतून येते. उखळीच्या बाजूने येणारा पुरवठा प्रौढ माणसात अगदी तुटपुंजा असतो. फळाला रस देठातून मिळावा तसाच हा प्रकार आहे. मान मोडून तुकडे सरकले की या वाहिन्या ताणल्या जातात, पिळल्या जातात किंवा तुटतात, आणि डोके जागच्या जागी उपाशी राहते.

ज्याला लोक सरसकट ‘खुबा मोडला’ म्हणतात, त्यात वास्तविक दोन निरनिराळे अस्थिभंग येतात. एक मानेचा, सांध्याच्या पिशवीच्या आत होणारा. दुसरा मानेच्या खाली, जेथे मोठे स्नायू हाडाला चिकटलेले असतात त्या उंचवट्यांमधून जाणारा, म्हणजे पिशवीच्या बाहेरचा. दुसऱ्या प्रकारात हाडाला रक्त भरपूर मिळते आणि ते बहुधा जुळते. तेथे प्रश्न असतो तो हाड वाकडे किंवा आखूड जुळण्याचा. पहिल्या प्रकारात ते जुळेल की नाही, हाच प्रश्न असतो. इंग्लंडचे शस्त्रवैद्य सर ॲस्टली कूपर यांनी १८२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा भेद स्पष्ट मांडला आणि पिशवीच्या आतील अस्थिभंग क्वचितच जुळतो, असे प्रतिपादन केले.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत मांडीचे किंवा पायाचे हाड मोडलेल्या रुग्णास फळीवर निजवून, पाय हलू नये म्हणून पाच खुंट्यांनी बंदिस्त करण्याचा उपाय सांगितला आहे. त्याला कपाटशयन असे नाव आहे. हाड जुळावयाचे तर ते स्थिर राहिले पाहिजे, हे तत्त्व त्यात पूर्णपणे उमगलेले दिसते. परंतु मानेचा अस्थिभंग बाहेरून कितीही बांधला तरी आत स्थिर राहत नाही. बाहेरच्या खुंट्या आत नेण्याची आवश्यकता होती, आणि ते घडण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

बोस्टनचे स्मिथ-पीटरसन यांनी तीन पाती असलेला पोलादी खिळा मानेतून डोक्यात ठोकण्याची पद्धत सुरू केली आणि १९३१ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या योहान्सन यांनी मधून पोकळ असा खिळा वापरला. त्यामुळे प्रथम बारीक तार घालून, क्ष-किरण चित्रात तिची दिशा तपासून, नंतर तिच्यावरून खिळा सरकविणे शक्य झाले. आजचे पोकळ स्क्रू याच कल्पनेचे वंशज आहेत. तरीही १९३५ साली अमेरिकन शस्त्रवैद्य केलॉग स्पीड यांनी या अस्थिभंगाला ‘न सुटलेला’ असे विशेषण लावले. त्याला आज नव्वद वर्षे होऊन गेली. कोडे पुष्कळसे उलगडले आहे. संपूर्ण सुटले आहे असे मात्र म्हणवत नाही.

आता स्क्रू नेमके काय करतात ते पाहू. सुतार दोन फळ्या एकमेकींना आवळतो तेव्हा स्क्रूचे आटे दूरच्या फळीतच रुतले, तर फळ्या एकमेकींकडे ओढल्या जातात. आटे दोन्ही फळ्यांत रुतले, तर मधली फट तशीच कायम राहते. हाडाचेही तसेच आहे. मानेच्या अस्थिभंगासाठी सामान्यतः साडेसहा ते सात मिलिमीटर जाडीचे तीन स्क्रू वापरतात. त्यांचे आटे टोकाशीच असतात आणि ते सर्वच्या सर्व मोडीच्या रेषेपलीकडे, डोक्यात गेले पाहिजेत. तिन्ही स्क्रू एकमेकांना समांतर हवेत, म्हणजे चालताना पडणाऱ्या भाराने तुकडे एकमेकांवर दाबले जातात आणि स्क्रू त्यांच्या आड येत नाहीत. त्यांची मांडणी बहुधा उलट्या त्रिकोणासारखी असते: एक खाली, मानेच्या सर्वांत टणक हाडाला लगटून, आणि दोन वर, एक पुढे व एक मागे. स्क्रूचे टोक सांध्याच्या पृष्ठभागापासून काही मिलिमीटर अलीकडे थांबले पाहिजे. खालच्या स्क्रूचे भोक दांड्यावर फार खाली पाडले, तर त्या भोकातूनच पुढे नवा अस्थिभंग होऊ शकतो. तथापि यांहून महत्त्वाची गोष्ट स्क्रू घालण्यापूर्वीच घडते, आणि ती म्हणजे सरकलेले तुकडे पूर्ववत जागी आणणे. वाकड्या बसविलेल्या हाडाला सर्वोत्तम स्क्रूही तारू शकत नाही.

तुकडे किती सरकले आहेत, यावरून प्रेस्टनचे गार्डन यांनी १९६१ साली या अस्थिभंगाचे चार प्रकार केले. व्यवहारात त्यांचे दोनच गट महत्त्वाचे ठरतात: न सरकलेला आणि सरकलेला. न सरकलेल्या अस्थिभंगात वाहिन्या बऱ्याच अंशी शाबूत असतात, आणि स्क्रूच्या जोडणीने बहुतेक रुग्णांचे हाड जुळते. सरकलेल्या अस्थिभंगाचे चित्र वेगळे आहे. पासष्ट वर्षांवरील रुग्णांच्या अशा अस्थिभंगांविषयीच्या १०६ अहवालांचा एकत्रित अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यात आतून जोडणी केलेल्यांपैकी सुमारे ३३ टक्क्यांचे हाड दोन वर्षांत जुळले नव्हते आणि सुमारे १६ टक्क्यांच्या बाबतीत डोके रक्ताअभावी मृत झाले होते. दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण निरनिराळ्या अहवालांत २० ते ३६ टक्के होते; डोके काढून धातूचे अर्धे डोके बसविलेल्यांत ते ६ ते १८ टक्के होते.

तरुणांत निष्कर्ष याहून बरे आहेत, पण निश्चिंत व्हावे इतके नाहीत. तरुण रुग्णांच्या सुमारे दीड हजार अस्थिभंगांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे १४ टक्क्यांत डोके मृत झाले, ९ टक्क्यांत हाड जुळले नाही आणि १८ टक्क्यांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणजे दर पाच-सहा जणांमागे एकाला पुन्हा शस्त्रक्रियागृहाची पायरी चढावी लागली.

साधन बदलल्याने हे आकडे बदलतील काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. भारतासह आठ देशांत झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत पन्नाशीवरील १,१०८ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागण्यात आले. एका गटाला अनेक बारीक स्क्रू आणि दुसऱ्याला पट्टीसह एक जाड सरकता स्क्रू बसविण्यात आला. दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण पहिल्या गटात २२ टक्के, तर दुसऱ्यात २० टक्के आढळले. हा फरक निर्णायक नव्हता. जाड स्क्रूच्या गटात डोके मृत होण्याचे प्रमाण मात्र अधिक होते: ५ टक्क्यांच्या जागी ९ टक्के. उलट, धूम्रपान करणाऱ्यांना आणि सरकलेल्या अस्थिभंगांना जाड स्क्रू अधिक मानवतो, असेही संकेत मिळाले. यावरून बाजारात नव्याने आलेल्या साधनावर फार भिस्त ठेवू नये, इतका बोध घेण्यास हरकत नाही.

आता गुंतागुंतींचा क्रमाने विचार करू. पहिली, हाड न जुळणे. रुग्णाची जांघ दुखत राहते, पायावर भार देववत नाही, आणि क्ष-किरण चित्रात स्क्रू ढिले झालेले किंवा वाकलेले दिसतात. दुसरी, डोक्याचा मृत्यू. ही फसवी असते, कारण हाड व्यवस्थित जुळल्यानंतर, रुग्ण कामावर रुजू झाल्यानंतर, वर्ष-दोन वर्षांनी डोके खचू लागते. ‘हाड जुळले, आता डॉक्टरांकडे कशाला?’ असे म्हणून तपासणी सोडू नये ती यासाठीच. निदान दोन ते तीन वर्षे ती चालू ठेवावी. तिसरी, मान आखूड होणे. तुकडे एकमेकांवर दाबले जाताना मान काही मिलिमीटर खचते. हाड जुळते, पण पाय किंचित आखूड होतो, चाल लंगडी होते, आणि मागे सरकलेल्या स्क्रूंची डोकी मांडीच्या बाहेरच्या बाजूस टोचू लागतात. अशा रुग्णाला त्या कुशीवर निजवत नाही. चौथी, ठिसूळ हाडात स्क्रूचे टोक डोके भेदून सांध्यात शिरणे. जंतुसंसर्ग आणि पायातील रक्तवाहिन्यांत गुठळ्या होणे, या कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेत संभवणाऱ्या आपत्ती येथेही आहेतच.

पिशवीबाहेरच्या अस्थिभंगात नेहमीची आपत्ती म्हणजे जाड स्क्रू डोक्यातून कापत वर निघणे. येथे शस्त्रवैद्याच्या हातातील नेमकेपणाचे मोल आकड्यांत दाखविता येते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १९८ अस्थिभंगांमध्ये स्क्रूचे टोक आणि डोक्याचे शिखर यांतील अंतर समोरून व बाजूने घेतलेल्या दोन्ही चित्रांत मोजून त्यांची बेरीज केली होती. ही बेरीज २५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असलेल्यांपैकी एकाही रुग्णाचा स्क्रू कापत बाहेर आला नव्हता.

हाडाचा कस हा तर भारतीयांच्या विशेष जिव्हाळ्याचा विषय. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकातील तंतूंची जाळी वयाबरोबर कशी विरळ होत जाते, हे साध्या क्ष-किरण चित्रावरून सहा पायऱ्यांत मोजण्याची रीत सिंग, नागरथ आणि मैनी या भारतीय वैद्यांनी १९७० साली मांडली. ती जगभर सिंग निर्देशांक या नावाने ओळखली जाते. पुढे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्लीतील निरोगी माणसांच्या रक्तातही ‘ड’ जीवनसत्त्वाचे प्रमाण कमी आढळले. जेथे उन्हाळा डोळे दिपवितो, त्याच नगरातील ही गोष्ट आहे. विरळ हाडात स्क्रूचे आटे भुसभुशीत मातीत रोवलेल्या खुंटीप्रमाणे सैल पडतात.

आता आपल्या परिसराकडे वळू. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या रोहतक जिल्ह्यात २००९ सालच्या रुग्णांची पद्धतशीर मोजणी करण्यात आली. पन्नाशीवरील दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे १२९ जणांचा खुबा मोडतो, असे तीतून निष्पन्न झाले. स्त्रियांत हे प्रमाण १५९ आणि पुरुषांत १०५ होते. स्कँडिनेव्हियातील प्रमाण याहून पुष्कळ अधिक आहे. परंतु आपल्याकडे वृद्धांची संख्याच इतक्या झपाट्याने वाढते आहे की, प्रमाण कमी असण्यात समाधान मानून चालणार नाही. शिवाय येथे रुग्णांचा आणखी एक वर्ग आहे, तो तरुणांचा: स्कूटरवरून फेकला गेलेला कारकून, बांधकामाच्या परातीवरून पडलेला मजूर. तरुणाचे टणक हाड मोडण्यास मोठा आघात लागतो, आणि म्हणूनच मोड बहुधा उभी व अस्थिर असते.

या रुग्णांपैकी कित्येक जण रुग्णालयात उशिरा पोहोचतात. खेड्यातून आधी हाडवैद्याकडे किंवा ‘पहलवाना’कडे जाणे, मग तालुक्याचे रुग्णालय, मग पैशांची जुळवाजुळव, आणि शेवटी दिल्लीचा सफदरजंग, लोकनायक किंवा अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचा दरवाजा, अशी ही यात्रा आठवडेच्या आठवडे चालते. पहलवानाला दोष देणे सोपे आहे. त्याच्या हाताने मनगटाची हाडे पुष्कळदा जुळतातही. परंतु मानेच्या अस्थिभंगात मालीश आणि पट्टी यांनी केवळ वेळ जातो. साधारणपणे तीन आठवडे उलटले की आपले शस्त्रवैद्य त्यास दुर्लक्षित अस्थिभंग समजतात. तोवर मानेचे हाड झिजू लागलेले असते, आणि नुसत्या स्क्रूंनी काम भागत नाही.

या संकटातूनच भारतीय शस्त्रवैद्यांचे काही मोलाचे काम उभे राहिले, हे येथे अभिमानाने नमूद केले पाहिजे. चंदीगढचे नागी आणि त्यांचे सहकारी यांनी एक स्क्रू आणि रुग्णाच्याच पोटरीतील बारीक हाडाचा तुकडा एकत्र वापरून केलेल्या उपचारांचे निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध केले. कलकत्त्याचे बक्सी यांनी स्नायूला चिकटलेला हाडाचा तुकडा, म्हणजे जिवंत रक्तपुरवठ्यासह, मानेवर बसविला. रोहतकच्या शस्त्रवैद्यांनी जर्मनीच्या पाउवेल्स यांचे तत्त्व अनुसरले. पाउवेल्स यांनी १९३५ साली दाखवून दिले होते की, मोडीची रेषा जितकी उभी, तितके तुकडे एकमेकांवरून घसरतात. म्हणून दांड्याच्या वरच्या भागातून पाचरीएवढे हाड काढून कोन बदलावयाचा आणि उभी रेषा आडवी करावयाची. मग जो भार तुकडे घसरवीत होता, तोच त्यांना दाबून धरतो. जेथे रुग्ण उशिरा येतात आणि कृत्रिम सांधा सर्वांना परवडत नाही, तेथे हे उपाय निरुपायाचे म्हणून हिणविता येणार नाहीत.

मग निर्णय कसा करावा? वयोवृद्ध माणसाचा सरकलेला अस्थिभंग असेल, तर बहुधा कृत्रिम डोके किंवा कृत्रिम सांधा श्रेयस्कर ठरतो, कारण दुसरी शस्त्रक्रिया सोसण्याची ताकद त्याच्यात नसते आणि अंथरुणात पडून राहणे त्याला सर्वांत घातक असते. खुब्याच्या अस्थिभंगाच्या सुमारे तीन हजार रुग्णांवर भारतासह १७ देशांत झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निदानानंतर साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झालेल्यांची साधारण चोवीस तासांनी झालेल्यांशी तुलना केली होती. तीन महिन्यांतील मृत्यूंचे प्रमाण ९ आणि १० टक्के, म्हणजे जवळपास सारखेच राहिले. परंतु लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांत वातभ्रम कमी आढळला आणि ते लवकर उभे राहिले. तेव्हा घाईने मृत्यू टळतात असा दावा करता येणार नाही. दिवसेंदिवस वाट पाहण्यात मात्र कसलाही लाभ नाही.

तरुणाच्या बाबतीत मात्र त्याचे स्वतःचे डोके वाचविण्याची शिकस्त केली पाहिजे. कृत्रिम सांधा झिजतो. तिशीतल्या माणसाला तो आयुष्यात एकापेक्षा अधिक वेळा बदलावा लागेल. शिवाय कृत्रिम सांध्यावर उकिडवे बसणे आणि मांडी घालणे सामान्यतः टाळावयास सांगतात. ज्याचे जेवण, प्रार्थना, शौच आणि उपजीविका हे सर्व जमिनीलगत चालते, त्याला याची किंमत निराळी सांगावयास नको. म्हणून डोके मृत होण्याचा धोका पत्करूनही त्याला स्क्रूची जोडणी सुचवितात. परंतु हा धोका त्याला आधी सांगितला गेला पाहिजे. दर पाच-सहा जणांत एकाला पुन्हा शस्त्रक्रिया लागते हे ज्याला आधी ठाऊक असते, तो दोन वर्षांनी जांघ दुखू लागताच तपासणीस येतो. ज्याला हे सांगितलेलेच नसते, त्याला आपण फसविले गेलो असे वाटते आणि तो पुन्हा पहलवानाकडे जातो.

शेवटी आपणांस चार गोष्टी सांगून माझे भाषण संपवितो. पडल्यानंतर जांघेत दुखत असेल आणि पाय टेकवत नसेल, तर चालवून पाहू नये, चोळू नये. त्याच दिवशी क्ष-किरण चित्र काढावे. अस्थिभंग कोणत्या प्रकारचा आहे, सरकलेला आहे की नाही आणि स्क्रूच का सुचविला आहे, हे शस्त्रवैद्यास निःसंकोच विचारावे. शस्त्रक्रियेनंतर पायावर भार केव्हा द्यावयाचा हे त्याच्याकडूनच ठरवून घ्यावे, तंबाखू आणि धूम्रपान सोडावे, आणि हाड जुळल्यावरही ठरलेल्या तारखांना जावे. चौथी गोष्ट घरातील आहे. न्हाणीघरातील ओली फरशी, जिन्यावरचा अंधार आणि वृद्धांचा अधू झालेला डोळा यांची वेळीच काळजी घेतली, तर कितीतरी घरांत स्क्रूंचा हा प्रश्न उद्भवणारच नाही.